खांदेवाल्या मॅडम

मॅडमना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, खांदे राहत. रस्त्यात कुणी ओळख दाखवली की त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघत हसून घ्यायच्या, 'बरं आहे ना सगळं?' म्हणायच्या, आणि तो माणूस पाठ फिरवून थोडा पुढे गेला की मग यांची ट्यूब पेटायची. "अगं, हा तर आपला इस्त्रीवाला!" माझ्या आईला त्यांनी जवळजवळ वर्षभर ओळखलं नव्हतं. आई दर महिन्याला माझी फी द्यायला त्यांना भेटायची, दर महिन्याला स्वतःची नव्याने ओळख करून द्यायची आणि घरी येऊन चिडायची. मग एकदा ती माझ्याबरोबर भाजीची पिशवी घेऊन स्टेशनकडून येत असताना मागून हाक आली, "अहो, तुम्ही हिच्या आई ना? पाठीवरून कळलं. तुम्हा दोघींचा उजवा खांदा एकाच घरातला आहे. आधी पिशवी दुसऱ्या हातात घ्या बघू." त्या संध्याकाळी आई कपाटाच्या आरशासमोर मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघत होती.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या दाटीवाटीच्या इमारतींत एका रहिवासी संघाचा हॉल होता. तिथे मॅडम बॅडमिंटन शिकवायच्या. हॉल कसला, चार भिंती आणि वर फिकट निळ्या प्लास्टिकच्या पन्हळी पत्र्यांचं छप्पर. दुपार कलली की त्या पत्र्यांतून उजेडही निळा होऊन खाली यायचा. आमचे हात निळे, नेट निळं, पांढरं शटलसुद्धा निळं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, पार्किंगवरून चाललेली भांडणं असायची, पण हॉलमध्ये शिरलं की ते सगळं डोक्यावरच्या पाण्यापलीकडे राहिल्यासारखं वाटायचं. आजही ती वर्षं आठवायला डोळे मिटले की आधी तो रंग येतो. मग त्यात हळूहळू मॅडम दिसायला लागतात. उंच, किडकिडीत, पंजाबी ड्रेसखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, आणि मान जराशी तिरकी, कारण त्या कायम कुणाच्या तरी मागे उभ्या राहून काहीतरी निरखत असायच्या.

आम्ही मुलं त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो. पालकांमध्ये मात्र त्यांचं नाव 'कंधेवाली मॅडम' पडलं होतं. निम्मे पालक गुजराती आणि मारवाडी, त्यामुळे ते नाव हिंदीतच रुजलं. माझे बाबा त्याचं मराठी करून 'तुमच्या त्या खांदेवाल्या मॅडम' म्हणायचे. त्यात आदर थोडा आणि वैताग बराच असायचा.

वैतागाचं कारण असं की बाबांना मला खेळवायचं होतं, आणि मॅडम मला खेळू देत नव्हत्या. बाबांचं लहानपण परळच्या चाळीत गेलं. तिथल्या गॅलरीत दोन खांबांना सुतळी बांधून ते बॅडमिंटन खेळायचे. शटल खाली रस्त्यावर गेलं की खेळ संपला. भाईंदरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपली मुलगी छपराखाली, खऱ्या नेटवर खेळणार आणि जिल्ह्याच्या संघात जाणार. माझा हातही चांगला होता. बिल्डिंगच्या गच्चीवर मी स्मॅश मारला की बाबा 'वा!' म्हणून अशी टाळी द्यायचे की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बघायचे. त्या 'वा!'साठी मी काहीही केलं असतं.

आणि मॅडमनी पहिला सबंध महिना आमच्या हातात रॅकेटच दिली नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांनी काळ्या पट्ट्या केल्या होत्या. त्या खिडकीच्या गजांना बांधायच्या, खिडकीकडे तोंड करून ओळीत उभं राहायचं, आणि कोपर अंगाला चिकटवून पट्टी मागे ओढायची, मग सावकाश पुढे सोडायची. सावकाश म्हणजे किती, तर समोरच्या बिल्डिंगमधली बाई दोरीवरची चादर काढून, घडी घालून आत नेईपर्यंत. हाताला रबराचा वास लागायचा, तो जेवतानाही जायचा नाही.

"मॅडम, रॅकेट कधी?" कुणीतरी रोज विचारायचं.

"रॅकेट कुठे पळून चाललीय? आधी मागच्या माणसांना जेवू घाला."

मागची माणसं म्हणजे खांद्याच्या मागचे, पाठीच्या पात्याला धरून असलेले छोटे स्नायू. मॅडमचं सगळं तत्त्वज्ञान त्यांच्याभोवती फिरायचं. हात फेकतात ते पुढचे स्नायू, छातीचे, दंडाचे. ते दांडगे असतात, त्यांचं सगळे कौतुक करतात. पण शटलला फटका बसल्यावर सुसाट निघालेला हात थांबवतात ते मागचे. त्यांना कुणी विचारत नाही. "मारायला सगळ्यांना येतं," त्या म्हणायच्या, "थांबवायला कोणाला येतंय?" माझी मैत्रीण हेतल हिला मराठी अर्धंमुर्धं कळायचं, म्हणून तिला त्यांनी हिंदीत समजावलं होतं, "देख, शादी में जो परोसते हैं ना, वो लास्ट पंगत में बैठते हैं. तेरा पीछे का मसल वैसा है. सब खा के हात धो के चले गये, वो बिचारा अभी तक भूखा है." हेतल इतकी गलबलली की घरी जाऊनही ट्यूब ओढत बसायची.

पालक यायचे आणि विचारायचे, "मॅडम, बच्चे का पॉवर कब आयेगा?" मॅडमना पॉवर हा शब्द आवडत नसे. "पॉवर मीटर के कमरे में है," असं म्हणून त्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दप्तराचे दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर आहेत ना ते बघायच्या. एकाच खांद्यावर दप्तर घेऊन येणाऱ्याला त्या परत घरी पाठवायच्या. घरी म्हणजे खरोखर घरी. तिथून दप्तर नीट घालून पुन्हा यायचं.

सगळ्यात विलक्षण होतं ते शेवटचं झोपणं. खेळून झालं की चटया पसरायच्या आणि सगळ्यांनी रॅकेटच्या हाताच्या कुशीवर पडायचं. तो हात समोर, कोपरात काटकोनात वाकवलेला, पंजा छताकडे. दुसऱ्या हाताने मनगटाला धरून तो पंजा अगदी हळू जमिनीकडे न्यायचा आणि तसाच ठेवायचा. रॅकेट खेळणाऱ्याचा खांदा मागे खूप वळायला लागतो आणि पुढे वळायचं विसरत जातो. हे झोपणं त्याला विसरलेल्याची आठवण करून द्यायला होतं. मॅडम दिवे मालवायच्या आणि आमच्यामधून फिरत हलक्या आवाजात त्यांच्या रायगडातल्या गावची वाट सांगायच्या. गोष्ट नाही, नुसती वाट. घरातून निघालं की उजवीकडे फणस, मग बांध, बांधावर बसलेला बगळा, मग आत्याचं घर, आत्या विचारणार कुठे निघालीस, आपण सांगायचं नदीवर. ती नदी आम्हाला कधी लागलीच नाही. आत्याच्या घरापर्यंत निम्मी मुलं झोपलेली असायची. मॅडम कुणाला उठवायच्या नाहीत. दाराशी आया ताटकळायच्या आणि आपसांत म्हणायच्या की पोरांना खेळायला पाठवलंय की झोपायला? पण आत येऊन मोठ्याने बोलायची हिंमत कुणाची व्हायची नाही, कारण त्या निळ्या अर्धवट अंधारात इतकी मुलं एका कुशीवर शांत पडलेली बघितली की त्यांचाही आवाज खाली यायचा.

घोळ झाला तो मुठींमुळे, आणि असा घोळ आमच्याच सोसायट्यांत होऊ शकतो.

मॅडम रविवारी खांदे तपासायच्या. उताणं झोपवायच्या, हात बाजूला, कोपर वाकवलेलं, खांदा एका हाताने अलगद धरायच्या आणि आमचा पंजा पुढे जमिनीकडे आपोआप कुठवर जातो ते बघायच्या. पंजा आणि जमीन यांच्यात जी फट उरायची तिच्यात त्या आपली मूठ घालून पाहायच्या. डाव्या हाताखाली एक मूठ, उजव्याखाली दोन, असं काहीतरी पुटपुटायच्या आणि पुढे जायच्या. ते त्यांचं त्यांना कळण्यासाठी होतं. पण कुणाच्या तरी आईने ऐकलं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसऱ्या दिवशी प्रश्न आला की मुठी कमी असणं चांगलं की जास्त? कमी चांगल्या, असं कळल्यावर महिन्याभरात मुठींचे मार्क झाले. लिफ्टमध्ये बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "तुमच्या मुलीच्या किती?" "आमची दीडवर आलीय." "आमचा एकवर. त्याचे पप्पा घेतात ना रोज करून." मॅडमच्या मुठीएवढी मूठ घरात कोणाची आहे, यावरही चर्चा झाली.

आमच्याकडे बाबांनी मनावर घेतलं. ऑफिसातून आले, चहा झाला, की मला पलंगाशेजारी उताणं झोपवायचे. डाव्या हाताने माझा खांदा दाबून धरायचे आणि उजव्याने मनगट खाली रेटायचे, गॅसच्या सिलिंडरवर रेग्युलेटर बसवताना रेटतात तसं. "अजून थोडं. जाईल, जाईल. हेतलचं जातं, तुझं का नाही जाणार?" आई पोळ्या लाटता लाटता दारातून बघायची. मी एकदोनदा म्हणाले की दुखतंय. बाबा म्हणाले, दुखल्याशिवाय काही होत नाही. ते रागाने म्हणाले नव्हते, फार प्रेमाने म्हणाले होते. आणि खरंच एक दिवस पंजा जमिनीला टेकला. बाबा 'वा!' म्हणाले.

त्यानंतर रॅकेट वर नेली की खांद्याच्या आत, खोल कुठेतरी, सुरी फिरल्यागत व्हायला लागलं.

रविवारी मी चटईवर झोपले. मॅडमनी मूठ पुढे केलीच नाही. माझ्या खांद्यावर नुसता तळवा ठेवला आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग विचारलं, "हा हात कुणी ओढला?" मी हात अंगाशी ओढून घेतला. त्यांनी शेजारच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, मग त्याच्या पलीकडच्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजपासून मुठी बंद," त्या सगळ्या हॉलला म्हणाल्या. "कुणी कुणाला दाबायचं नाही. आईने नाही, बापाने नाही, मी नाही." मला त्यांनी स्वतः मीरा रोडला एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या डॉक्टरबाईंनी हात फिरवून बघितला आणि सांगितलं की खांदा चिडलाय. काही महिने हात डोक्याच्या वर नेऊन मारायचं नाही. नीट काळजी घेतली तर पूर्ण बरा होईल, नाही घेतली तर आयुष्यभर कुरकुरेल.

जिल्ह्याची निवड स्पर्धा पुढच्याच आठवड्यात होती.

बाबा ऑफिसमधून थेट हॉलवर आले. "मॅडम, एकच स्पर्धा आहे. पट्टी-बिट्टी बांधून खेळेल ती. नंतर करू की आराम."

"नाही खेळणार."

"हे तुम्ही कोण ठरवणार?" बाबांचा आवाज चढला. सगळी मुलं थांबून बघायला लागली.

मॅडम वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा आडवे व्हा."

"काय?"

"इथे, चटईवर. बूट काढा."

आता बाबांनी का ऐकलं हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक, इतक्या मुलांसमोर आवाज चढवल्याची त्यांचीच त्यांना लाज वाटली असावी. ते खिशात पेन, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अशा अवतारात त्या चटईवर पडले. मॅडम शेजारी मांडी घालून बसल्या, त्यांचं कोपर एका हातात घेतलं, मनगट दुसऱ्या हातात.

"हात सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडला. हा अजून ऑफिसात आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दिवे घालवायला सांगितले आणि गावची वाट सुरू केली. फणस, बांध, बगळा. मी बाबांच्या पायाशी बसले होते. त्यांचा हात हवेत काठीसारखा ताठ उभा होता. मग त्याची बोटं जराशी वाकली. मग मनगट. आत्याचं घर यायच्या आधी बाबा घोरायला लागले.

मुलं चपला हातात घेऊन पाय न वाजवता गेली. बाहेरची दुकानं उजळली. मॅडम तशाच बसून होत्या, बाबांचं कोपर तळहातावर पेलून, कुणाचं तरी तान्हं बाळ सांभाळायला दिल्यासारख्या. बाबा दचकून उठले तेव्हा हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो. "तुमचा हात सुटायला एवढा वेळ लागला," मॅडम म्हणाल्या. "आणि तो कुणी ओढत नव्हतं." खाली मान घालून ते बुटांच्या नाड्या बांधत राहिले.

घरी येताना माझी किट बॅग त्यांनी घेतली. बिल्डिंगच्या गेटपाशी थांबून म्हणाले, "एवढं दुखत होतं तर बोलायचं ना गं."

"बोलले होते," मी म्हणाले.

त्यांनी गेट उघडून धरलं, मी आत गेल्यावर मागून आले. स्पर्धेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

हेतल निवडली गेली. ती आपली नवी जर्सी दाखवायला घरी आली, मी छान म्हणाले, आणि ती गेल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. त्या दिवसांत मला मॅडमचा मनापासून राग यायचा. बाबांचा यायचा नाही, त्यांचा यायचा. रोज जायचे, ट्यूब ओढायचे, कमरेच्या खालून येणारं शटल उचलायचे, नेटजवळचं नाजूक काम करायचे आणि शेवटी कुशीवर पडून डोळे मिटून त्यांच्या गावची वाट ऐकायचे. मला त्या आत्याचाही राग यायचा.

खांदा मात्र बरा झाला. सावकाश, कुणाच्या लक्षात न येता. डॉक्टरबाईंनी दोन्ही हात फिरवून बघितले आणि म्हणाल्या, उत्तम, आता पहिल्यासारखी खेळ. आई देवाला साखर ठेवून आली. बाबा लवकर सुटून हॉलवर आले आणि दारातच उभे राहिले. मॅडमनी नेटपलीकडून एक उंच शटल उडवलं.

मी शटलच्या खाली सरकले, रॅकेट मागे नेली, सगळं बरोबर केलं. आणि हात अर्ध्यातच थांबला. शटल रॅकेटला टेकून माझ्याच पायाशी पडलं.

पुन्हा. पुन्हा तेच. दुखत अजिबात नव्हतं. हात वर जायचा, आणि ऐन मारायच्या क्षणी मागची माणसं येऊन त्याला धरायची. इतके महिने जेवू घातलेली ती माणसं आता माझ्यापेक्षा दांडगी झाली होती. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यात तेच. चौदा वर्षांच्या मुलीला कळतं तेवढं मला कळत होतं, की हात वाचला पण माझा फटका गेला, आणि तो परत आला नाही तर मी या खेळात कुणीच नाही. बाबा दारात यायचे, बघायचे, आणि त्यांनी बघितलंय हे मला कळू नये म्हणून मोबाइल काढायचे. ते मला सगळ्यात जास्त लागायचं.

मॅडमही बदलल्या. झोपायच्या वेळी त्यांनी वाट सांगायचं सोडलं. नुसत्या आमच्यामधून फिरायच्या. एका शनिवारी माझ्या चटईपाशी थांबून म्हणाल्या, "उद्या सकाळी पालीला जायचंय. आईला सांग."

पाली म्हणजे उत्तनच्या पुढचं कोळ्यांचं गाव. आम्ही भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. थंडीचे दिवस होते. खाडी मागे पडली, टेकडी लागली, आणि मग खिडकीतून सुक्या मासळीचा वास आत आला. पालीच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली की कुणाच्या तरी पायरीवर चढून उभं राहायचं. गल्ली संपली आणि एकदम उघडा किनारा आला. तिथे बांबूच्या उंच वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, रांगाच्या रांगा, आणि त्यांच्यामधून समुद्राचं पांढरं ऊन येत होतं. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. एक म्हातारी कोळीण टोपलीतले बोंबील उचलून हात डोक्याच्या वर नेत एकेक जोडी वलांडीवर टाकत होती. मॅडम तिच्या मागे उभ्या राहून तिचे खांदे बघत बसल्या. मी त्यांना ओढत पुढे नेलं.

ओहोटी लागलेली होती. समोर एकही होडी नाही, नुसतं सपाट करडं पाणी. मॅडमनी लिंबाएवढा एक दगड माझ्या हातात दिला. "फेक. जेवढा लांब जाईल तेवढा."

मी हात मागे नेला. तो थांबला. दगड पुढ्यातल्या पाण्यात डुबुक करून पडला. दुसराही तिथेच पडला, आणि तिसरा त्याच्याही अलीकडे.

"काय गो बाय, दगडं धुवते काय पोरगी?" मागून म्हातारी ओरडली. "तिला सकाळचं जेवाण घातलं हाय का न्हाय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं मॅडम आता काहीतरी तंत्र सांगतील, कोपर इथे, पाऊल तिथे. त्या वाळूत माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुला थांबायला शिकवलं ते बरोबर होतं. पण मी तेच शिकवत बसले गं. मारायचंही असतं, ते सांगायचं राहून गेलं."

कुणी शिक्षक विद्यार्थ्याला असं म्हणू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्या उठल्या, ओढणी कमरेला पुन्हा आवळली, एक दगड उचलला आणि हातात चाचपला. त्यांना मी कधी हात डोक्याच्या वर नेऊन काही मारताना पाहिलं नव्हतं. आम्ही सगळी मुलं धरून चाललो होतो की त्यांचा खांदा कधीतरी निखळला असणार, म्हणूनच एवढं खांद्याचं वेड.

त्यांनी दगड फेकला.

काय हात होता तो! कुठे अडलं नाही, कुठे कुरकुरलं नाही. पायापासून निघालेली लाट पाठीतून, खांद्यातून बोटांपर्यंत गेली आणि दगड धुक्यात शिरून दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने कुठूनतरी लांबून बारीक आवाज आला. म्हातारी हातातले बोंबील तसेच धरून बघत राहिली. "आगं बाय माजे," ती म्हणाली.

"मॅडम, तुमचा हात तर..." मी म्हणाले. "मग तुम्ही का नाही खेळलात?"

त्या समुद्राकडे बघत होत्या. "आमचे सर फार काळजीवाले होते. माझा फटका जोरात होता ना, म्हणून घाबरायचे. म्हणायचे, खांदा कोवळा आहे, पुढच्या वर्षी. मीही शहाण्यासारखं ऐकलं. मग पुढच्या वर्षी बारावी आली. मग घरात आईचं आजारपण, मग शाळेतली नोकरी." त्यांनी उजवा हात वर करून फिरवला, अगदी सहज. "खांदा मात्र बघ, किती छान राहिला. कधी दुखला नाही." मग म्हणाल्या, "मला कुणी 'मार' असं म्हणालंच नाही गं."

मला त्यांची इतकी माया आली की त्यांचा हात धरून रडावंसं वाटलं. पण त्या तोवर माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. माझ्या मुठीत दगड होता. गावची वाट सांगताना लागायचा तोच त्यांचा हलका आवाज येईल म्हणून मी कान देऊन थांबले.

"मार!" मॅडम ओरडल्या. असा आवाज त्यांच्यात असेल असं कुणालाच वाटलं नसतं. वलांडीवरचे कावळे उडाले.

मी हात मागे नेला आणि तो गेला. कुणी धरला नाही. दगड कुठे पडला ते मी बघितलंच नाही, मी ओरडत होते, म्हातारी टाळ्या पिटत होती, आणि माझा खांदा हलका होऊन जागच्या जागी परत आला होता. मागे वळून पाहिलं तर मॅडम दोन्ही हातांनी तोंड झाकून उभ्या होत्या. मग त्यांनी ओढणीने डोळे पुसले, वाकून मला दुसरा दगड शोधून दिला आणि एक स्वतःसाठी उचलला.